कोंबडी गेली म्हणून फासा लावू नका

कोल्हा, लांडगा आणि त्यांच्यासाठी लावले जाणारे फासे-सापळे यांबद्दल खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागांतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत.

प्रश्न : दोन महिने झाले, एकेक करून कोंबड्या जातायत. सगळे म्हणतात कोल्हंच. गल्लीतला एकजण मोटारसायकलच्या क्लच वायरचा फासा कुंपणाच्या भगदाडात लावून देतो म्हणतोय. मारायला जीव होत नाही, म्हणून जिवंत धरून भीमगडच्या रानात सोडलं तर चालेल का? (खानापूर तालुका)

फासाही नको आणि धरून सोडणंही नको. पण नुसतं ‘नको’ म्हणून तुमच्या कोंबड्या वाचणार नाहीत, तेव्हा क्रमाने बघू.

आधी चोर कोण ते ठरवा. कोल्हा बहुधा एक कोंबडी उचलतो आणि तोंडात धरून लांब नेतो, म्हणून पिसं कुंपणाच्या दिशेने एका रेषेत सांडलेली दिसतात. खुराड्यात एकदम तीन-चार मरून पडल्यात, मान किंवा डोकं तेवढं कुरतडलंय आणि भोक मुठीएवढंच आहे, तर मुंगसाचा संशय घ्या. कौलं सरकली असतील तर उदमांजर. सगळ्या फाडून टाकल्यात आणि खाल्लं जवळजवळ काहीच नाही, तर ती मोकाट कुत्री. कोल्ह्याच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी चोऱ्या त्यांच्याच असतात.

खात्री करायची तर संध्याकाळी खुराड्याभोवती दोन हात रुंद पट्ट्यात चाळलेली माती पसरून किंचित ओली करा आणि सकाळी ठसे बघा. मांजराच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची उमटतात. कोल्ह्याचा ठसा लांबट असतो आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या ठशात चारही बोटं सुटी दिसतात. चांगल्या मातीत हा फरक मोबाइलच्या फोटोतही कळतो.

आता फासा. क्लच वायरचा सरकता फास फक्त आवळला जातो, सैल होत नाही. भगदाडातून डोकं घातलेलं जनावर पुढे ओढ घेतं आणि तार मानेत बसते. उडी मारून जाणारं असेल तर ती कमरेत बसते. मानेत बसली तरी मरण लवकर येतं असं नाही. जनावर तार चावतं, सुळे मोडतात, हिरड्या फाटतात. कमरेत बसली तर प्रत्येक हिसक्याबरोबर कातडी आणि मग मांस कापलं जातं, आणि हे सकाळपर्यंत चालतं. जनावर मारावं की मारू नये यावर दोन मतं असू शकतात. पण त्याला रात्रभर असं तळमळत ठेवणं कुठल्याही मताच्या माणसाला पटू नये.

फासा निवडही करत नाही. त्यात शेजाऱ्याचं वासरू अडकतं, राखणीचं कुत्रं अडकतं, ससा अडकतो. रानडुकरासाठी लावलेल्या फाशात बिबटे अडकून मेल्याच्या घटना कर्नाटकात अनेकदा घडल्या आहेत. तुमच्या परसात सकाळी फाशात जिवंत बिबट्या सापडला आणि भोवती गाव जमलं, तर काय होईल याचा विचार करा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या व्याख्येतच फासा लावणं, सापळ्यात धरणं आणि तसा प्रयत्न करणं येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि कोल्हा पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत गेला. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. धरून दुसरीकडे सोडणं हाही याच कायद्याखालचा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतलं जनावर धरायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक लेखी देऊ शकतात, तीही ते माणसाच्या जिवाला धोका ठरत असेल किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल तरच. कोंबडी पळवणं त्यात बसत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी नेऊन सोडण्याने प्रश्न सुटत नाही. कोल्हा जोडीने आपला मुलूख धरून राहतो. एक उचलला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, कारण उघडं खुराडं आणि उकिरडा तिथेच असतात. नेलेला भीमगडात गप्प बसत नाही; अनोळखी मुलखात तिथल्या कोल्ह्यांचा मार खात परतीची वाट शोधतो. फेब्रुवारी ते मे या काळात मादी धरली असेल तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. बिबट्याच्या बाबतीत हा धडा जुन्नरने फार महागात शिकवला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरावर गेली.

मग करायचं काय, तर खुराडं नीट बांधायचं. सहा फूट बाय चार फूट खुराडं धरू. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी घेऊ नका, ती कोंबड्यांना आत ठेवते एवढंच. कोल्हा ती दातांनी फाडतो. एक इंची चौकोनाची, १४ गेजची वेल्डमेश घ्या. चार फूट रुंदीच्या गुंडाळीतून भिंतींना २० फूट लागते. उरलेली जाळी उभी मधोमध कापून दोन फुटांच्या पट्ट्या करा. यातली सहा इंच भिंतीच्या जाळीला तारेने बांधायची आणि दीड फूट बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरायची. कोपऱ्यांसह ३६ फूट जाळी पुरते.

ही आडवी पट्टी सगळ्यात महत्त्वाची. कोल्हा उकरायला भिंतीच्या अगदी बुडाशी लागतो, पंजाखाली जाळी लागली की मागे दीड फूट सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. खानापुरात चिरा (जांभा दगड) लवकर लागतो, चर खणणं जिवावर येतं. तिथे पट्टी जमिनीवरच ठेवून वर दगड रचा आणि गवत वाढू द्या. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात मात्र पट्टी अर्धा फूट खाली गाडा, कारण उन्हाळ्यात माती भेगाळली की जमिनीवरची जाळी उचलली जाते. मातीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा, नाहीतर खानापूरचा पाऊस दोन-तीन वर्षांत जाळी खाऊन टाकतो.

छपराची आणि भिंतीची फट एका इंचापेक्षा जास्त नको. दाराला वर-खाली दोन कड्या लावा. एकच मधली कडी असेल तर दाराचा खालचा कोपरा नाकाने ढकलला जातो आणि जनावर त्यातून शिरतं. दार दिवेलागणीला बंद झालंच पाहिजे. कोंबडी कापल्यावरची आतडी आणि मेलेलं कोंबडं उकिरड्यावर टाकू नका, तीन फूट खोल पुरा. खुराडं पक्कं केलं आणि उकिरडा तसाच ठेवला, तर कोल्हा येतच राहील आणि एखाद्या रात्री उघडं दार त्याला सापडेल.

प्रश्न : ऊसतोडीत शेवटच्या सऱ्यांत पिल्लं सापडली. टोळीतली माणसं बिबट्याची म्हणून घाबरली, काहीजण घरी न्यायला निघाले. अशा वेळी काय करावं? (निपाणी परिसर)

हात लावू नका. अंगावर ठिपक्यांची फुलं असतील तर बिबट्याची पिल्लं. भुरी, पुसट पट्ट्यांची आणि कानाच्या टोकाला केसांचा बारीक झुपका असेल तर रानमांजराची. गडद, जवळजवळ काळपट तपकिरी आणि कुत्र्यासारख्या तोंडाची असतील तर कोल्ह्याची. ओळख पटो न पटो, १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा आणि तेवढ्या भागाची तोड थांबवा. बिबट्याची वाटत असतील तर आई जवळच असणार, सगळी माणसं एकत्र करून मागे घ्या.

आई पिल्लं टाकून गेलेली नसते, माणसांमुळे लांब थांबलेली असते. कोल्ही आणि रानमांजर रात्रीत एकेक पिल्लू तोंडात धरून हलवतात. म्हणून सापडली त्याच जागी पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा एक रात्र उभा ठेवा, त्यावर पाचट ओढा, कुत्री बांधून ठेवा. माणसाच्या हाताचा वास लागला की आई पिल्लू टाकते हा समज चुकीचा आहे; उचललेलं पिल्लू परत त्याच जागी ठेवणं हाच उपाय आहे.

तोडीची दिशाही आधी ठरवा. चारही बाजूंनी आत तोडत गेलात तर सगळी जनावरं मधल्या बेटात कोंडतात आणि शेवटी कोयत्यासमोर येतात. ओढ्याच्या किंवा पडीक रानाच्या विरुद्ध बाजूने सुरू करून त्या बाजूला सरकत जा, म्हणजे वाट उघडी राहते. फड पेटवून तोड तर करूच नका. उसातला कोल्हा क्वचित ऊस चघळतो, पण घुशी-उंदीर रोज खातो, हेही हिशोबात धरा.

प्रश्न : लांडग्यांनी एका रात्रीत बरीच मेंढरं मारली आणि खाल्लं एकच. हा माज नाही तर काय? मेलेल्या मेंढरात थिमेट (कीटकनाशक) घालून ठेवायचं असं काहीजण म्हणतात. (अथणी तालुका)

तुमचं नुकसान मोठं आहे आणि राग येणं साहजिक आहे. पण हा माज नाही. मोकळ्या माळावर एक जनावर पडलं की बाकीचा कळप पळून जातो आणि शिकार तिथेच संपते. कोंडलेला कळप पळू शकत नाही, डोळ्यांसमोर धावाधाव चालूच राहते, आणि लांडगा ती थांबेपर्यंत मारत राहतो. म्हणजे खरा प्रश्न त्याला कोंडीच्या आत शिरू न देण्याचा आहे.

वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, निदान साडेचार फूट उंच असावी आणि खालची कड दर दोन फुटांवर मेखेने जमिनीला घट्ट हवी. सैल कड उचलून लांडगा खालून येतो. वरून उडी मारण्यापेक्षा हेच त्याला सोपं पडतं. कुत्री दोन-तीन हवीत आणि ती सगळी चुलीजवळ झोपत असतील तर उपयोग नाही, वाऱ्याच्या दोन्ही अंगांना बांधा. मानेला लोखंडी काट्यांचा पट्टा घाला. कोकरं डालग्याखाली ठेवून माणसं लांब जात असतील तर तिथे एकजण थांबलाच पाहिजे. लुकलुकणारे दिवे काही रात्री काम करतात, मग लांडगा सरावतो. दर तीन-चार रात्रींनी त्यांची जागा बदला.

विष कधीच नको. विषारी मढ्यावर पहिली तुमचीच कुत्री जातात, मग कावळे, घारी, खोकडं. विष लांडग्यालाच लागेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. आणि हे जनावर आता फार थोडं उरलंय: भारतात जेमतेम तीन हजारांच्या आसपास. कर्नाटकाने कोप्पळ जिल्ह्यातल्या बंकापूरला लांडग्यांसाठी अभयारण्य केलं ते यामुळेच. अथणीच्या माळावरचा लांडगा मात्र कुठल्याच अभयारण्यात नाही, तो धनगरांच्या सहनशीलतेवरच जगतो. म्हणून भरपाई वेळेवर मिळायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात.

प्रश्न : कोल्हे कलिंगडं फोडतात. रात्री तारेत घरातलाच करंट सोडला तर? (चिकोडी तालुका)

माणूस मरेल. २३० व्होल्टचा करंट सतत वाहतो, स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. पहाटे पाणी पाजायला आलेला शेजारी त्यात गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, आणि व्हायलाच हवा.

झटका मशीन वेगळं. ते साधारण सेकंदाला एकदा क्षणभर झटका देतं, मधल्या वेळात सुटायला वाव असतो. कोल्हा काकडीला राजी, हे खरंच आहे. तो फळासाठी येतो, त्यामुळे तार त्याच्या नाकाच्या उंचीवर हवी. जमिनीपासून ६, १२ आणि १८ इंचांवर तीन तारा ओढा. मशीन चालू असून झटका बसत नाही, याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, खालच्या तारेला गवत टेकलेलं. दुसरं, अर्थिंग कच्चं: तीन-साडेतीन फुटांचे तीन रॉड दहा-दहा फुटांवर ठोका आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या बुडाशी रोज घागरभर पाणी ओता, कारण कोरड्या मातीतून झटक्याचा फेरा पूर्ण होत नाही. टेस्टरवर शेवटच्या टोकाला चार हजार व्होल्ट तरी दिसले पाहिजेत. फळ धरायच्या आधी कुंपण चालू करा. एकदा गोडी लागली की कोल्हा झटका सोसूनही आत शिरायला बघतो.

प्रश्न : फाशात अडकलेलं जिवंत कोल्हं दिसलं तर तार तोडून सोडून द्यावं का?

दया म्हणून केलेली ही गोष्टच पुष्कळदा त्याचा जीव घेते. खुंटीपाशी तार तोडली तर फास अंगातच राहतो आणि जनावर तो घेऊन पळतं. पूर्ण काढला तरी, आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. वरून कातडी ठीक दिसते आणि चार-सहा दिवसांनी आतलं मांस सडू लागतं. म्हणून पशुवैद्याने बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

१९२६ ला फोन करा, जागा सांगा, शक्य तर लोकेशन पाठवा. माणसं तीस-चाळीस फूट मागे घ्या, कुत्री बांधा, मोबाइल घेऊन पुढे जाणाऱ्यांना थांबवा. जितकं जवळ जाल तितके हिसके बसतात आणि तार खोल जाते. ऊन असेल तर लांब काठीने वर पोतं टाका. डोळे झाकले की जनावर बरंच शांत होतं. तोंडाशी पाणी नेऊ नका. फासा उचलू नका, तो पुरावा आहे. आजूबाजूला मात्र लांबून नजर टाका, कारण फासे लावणारा एकच लावून थांबत नाही. त्याच पायवाटेवर आणखी असतात.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं जिल्हा रुग्णालय गाठा आणि रेबीज लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यायला सांगा. रानटी जनावराच्या चाव्यात ते टाळायचं नसतं. लसीचे सगळे डोस पुरे करा.

प्रश्न : मुलगी शिकागोजवळ राहते. घरामागे कोल्ह्यासारखं जनावर फिरतं, तिथे त्याला कायोटी म्हणतात. तिच्याकडे लहान कुत्रं आहे. शेजारी सापळेवाल्याला बोलवू म्हणतात. (बेळगाव, टिळकवाडी)

कायोटी फक्त अमेरिका खंडातलं जनावर, आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद, अंगाने सहसा थोडा मोठा. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे स्टॅनली गेर्ट यांचा अभ्यासगट २००० सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून माग काढतो आहे. शहरात ते पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मुख्यतः उंदीर, ससे आणि फळं खातात आणि माणसाला टाळतात. माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच: १९८१ साली कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी आणि २००९ साली कॅनडात एक तरुण गायिका. लहान कुत्र्याला मात्र खरा धोका आहे.

मुलीला सांगा, कुत्रं सहा फुटांच्या साध्या पट्ट्याने धरा. लांबत जाणारा पट्टा नको. अंगणात, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, एकटं सोडू नका. कुत्र्याचं खाणं बाहेर ठेवू नका, पक्ष्यांच्या दाण्याखाली सांडलेलं झाडा, कारण दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे कायोटी. समोर आला तर कुत्रं उचलून घ्यायचं, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, डबा वाजवायचा, आणि तो नजरेआड होईपर्यंत थांबायचं नाही. पाठ फिरवून पळायचं नाही. अर्धवट हुसकावलं तर माणूस नुसताच ओरडतो हे तो शिकतो. एप्रिल-मेमध्ये बिळाजवळ मात्र त्याला न छेडता वाट बदलावी. कुंपण सहा फूट हवं आणि वरच्या कडेला गोल फिरणारा पाइप बसवला तर पंजा टिकत नाही.

सापळेवाल्याने धरलेला कायोटी बहुतेक वेळा मारलाच जातो आणि त्याची जागा दुसरा घेतो. अमेरिकेत सरकारी यंत्रणाच वर्षाला हजारोंनी कायोटी मारते, तरी गेल्या शतकात हे जनावर जवळजवळ सगळ्या राज्यांत पसरलं. लोखंडी जबड्याच्या सापळ्यांवर कोलोरॅडोत १९९६ साली, कॅलिफोर्नियात १९९८ साली आणि वॉशिंग्टन राज्यात २००० साली बंदी किंवा कडक निर्बंध आले ते लोकांच्या थेट मतदानातून. आपल्याकडे कायदा आधीपासून आहे. तुटवडा आहे तो फासे शोधून काढणाऱ्या डोळ्यांचा.

प्रश्न : ‘कोल्ह्याचं शिंग’ घरात ठेवलं की बरकत येते म्हणून विकायला येतात. खरं असतं का?

कोल्ह्याला शिंग नसतं. केस आणि कातडीची गाठ वळून ते बनवतात, आणि त्यासाठी कोल्हे फाशात मारले जातात. विकणं, घेणं, घरात ठेवणं तिन्ही गुन्हे. विकणारा आला तर वनखात्याला कळवा.

प्रश्न : मेंढरू मारल्यावर भरपाईसाठी काय लागतं? आमचं शिवार हद्दीवर आहे.

मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, हीच चूक सगळ्यात जास्त दावे बुडवते. ऊन किंवा कुत्री असतील तर वर काटेरी फांद्या टाका. दिवस उजाडताच फोटो घ्या: गळ्यावरच्या दातांच्या खुणा, ओढल्याचा माग, आणि शेजारी काडेपेटी ठेवून ठसा. लगेच वनरक्षकाला किंवा १९२६ ला कळवा. वनकर्मचारी महजर (पंचनामा) करतात आणि सरकारी पशुवैद्य शवविच्छेदन करून दाखला देतो. आधार, बँक पासबुक, उतारा आणि असेल तर मेंढरांच्या लसीकरणाची नोंद जवळ ठेवा. अर्ज खात्याच्या ई-परिहार प्रणालीत चढतो. त्याचा क्रमांक मागून घ्या, पुढची विचारपूस त्याच क्रमांकावर होते. कन्नड वाचता येत नसेल तर महजरावर सही करण्याआधी मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या, विशेषतः जनावरांची संख्या आणि वय.

कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीबद्दल: तुम्ही कुठले रहिवासी यापेक्षा जनावर कुठल्या गटात मेलं ते महत्त्वाचं. चंदगडच्या बाजूला चरायला गेलेलं मेंढरू तिथे मेलं तर दावा महाराष्ट्राच्या वनखात्याकडे जातो. मढं ओढून अलीकडे आणलंत तर दोन्हीकडून नकार मिळेल. जागेवरच फोनच्या नकाशात लोकेशन उघडून त्याचा फोटो काढून ठेवा.